घरची डीव्हीडी प्लेअरवर चालत नसेल तर

लग्नाची किंवा बारशाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर छान चालते, पण टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की ‘नो डिस्क’ येतं. अशा वेळी आधी ती कॉम्प्युटरवर उघडून आत काय आहे ते बघा. नुसती एमपी४ फाइल असेल तर जुना प्लेअर ती वाचणार नाही. त्याला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर आणि त्यात आयएफओ, व्हीओबी फाइली लागतात. म्हणजे डेटा डिस्क नको, डीव्हीडी-व्हिडिओ बनवा; पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720 बाय 576 निवडा आणि शेवटी डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी ती बंद करा. रेकॉर्डरवर थेट भरलेल्या डिस्कचं हेच काम अनेकदा राहून जातं. ते त्याच यंत्रावर करून घ्या.

सुरुवात नीट, पण शेवटाकडे चित्र अडकतं? डिस्क आतून कडेकडे वाचली जाते आणि बर्निंगचे, म्हणजे डिस्क भरतानाचे, दोष कडेलाच जास्त सापडतात. 4.7 जीबी काठोकाठ भरू नका, बर्निंगचा वेग 4एक्स किंवा 8एक्स ठेवा, बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा) 6-7 एमबीपीएसवर थांबवा. कागदी लेबल तर मुळीच चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कही अडकत असतील तर दोष बहुधा प्लेअरच्या लेन्सचा. आधी ती साफ करून बघा.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलेल्या डिस्कचा रंगाचा थर, ज्यात व्हिडिओ भरलेला असतो, लवकर खराब होतो. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही, म्हणून डिस्क वाचतेय तोवरच हार्ड डिस्कवर कॉपी घ्या.