कूपर ब्लॅक वापरायचा कसा

मागच्या दिवाळीत एका फराळवालीचं इंग्रजी दरपत्रक मी हौसेने सगळंच्या सगळं कूपर ब्लॅक या जाड, गुबगुबीत इंग्रजी फाँटमध्ये लावलं. पडद्यावर झकास दिसलं. छापून आलं तेव्हा अकरा पॉइंटातल्या स्मॉल ‘ए’ आणि ‘ई’ची पोटं, म्हणजे आतल्या पोकळ्या, शाईने बुजलेली! तिथून शिकलो ते सांगतो.

आधी अक्षराकडे नीट बघा. ‘ओ’ टाइप करून मोठा करा: आतली पोकळी जरा मागे रेललेली दिसेल. मग ‘एच’ घ्या. सेरिफ म्हणजे अक्षराच्या पायाची टाच. इथे ती टोकदार नाही, लोण्याच्या गोळ्यासारखी वळलेली आहे. तळही किंचित फुगीर, त्यामुळे खाली रेघ मारायची तर थोडी जागा सोडूनच मारा, नाहीतर शब्द डुगडुगतो. लोकांना हा सत्तरच्या दशकातला वाटतो, पण ऑस्वाल्ड कूपरचा हा फाँट शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) १९२२ मध्ये आणला. जाहिरातींना लांबून वाचता येतील अशी जाड अक्षरं हवी होती.

मग शब्द निवडा. एक, दोन, फार तर तीन. उरलेला मजकूर एखाद्या साध्या, सडपातळ फाँटमध्ये. सगळं कॅपिटलमध्ये लावायचा मोह टाळा. याची खरी गंमत स्मॉल अक्षरांत आहे. याच फाँटमधलं ईझीजेट विमान कंपनीचं नाव आठवा, सुरुवातच स्मॉल ‘ई’ने होते.

आता अंतर. मोठ्या आकारात अक्षरं एकमेकांना खेटून बसली की शब्दाचा एकच गुबगुबीत आकार होतो. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) उणे १० पासून सुरू करा आणि डोळे बारीक करून बघा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर मात्र अक्षरं खेटवताना हात आखडता घ्या. आणि जागा भरायला अक्षर आडवं ताणू नका: उभे दांडे फुगतात, आडवे भाग तेवढेच राहतात, सगळा तोल जातो. (सावली, चकाकी, सोनेरी कडा? नकोच.)

कूपर ब्लॅकमध्ये देवनागरी नाही. जोडीला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ घ्या, तोही गोलमटोल आणि फुकट. फक्त दोन्हींना सारखा पॉइंट देऊन मोकळे होऊ नका. देवनागरी वरच्या रेषेला टांगलेली, इंग्रजी खालच्या रेषेवर उभी. शिरोरेषा इंग्रजी स्मॉल अक्षरांच्या माथ्याच्या किंचित वर येईपर्यंत आकार कमी-जास्त करा.

शेवटी एक प्रत खऱ्या मापात छापून भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जा. पोटं उघडी दिसली, तर फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवा. पण त्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांमध्ये, बदला. त्याच्याकडे हा फाँट नसला, तर तुमच्या दुकानाचं नाव भलत्याच अक्षरात छापून येईल.