केसेस घटल्या आणि काम वाढलं: ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर कसं वाचावं

इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात जनरल आणि व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जरीचं काम कसं बदलतंय, हे केसेस मोजून कळत नाही. ऑपरेशनचं टेबल किती मिनिटं अडलं, ते मोजा.

दोन वर्षांचे तेच तीन महिने घ्या. जानेवारीची मेशी तुलना नको. ऑपरेशननंतर भर उन्हाळ्यात दिवसभर घट्ट मोजे कोण घालणार, म्हणून व्हेरिकोज व्हेन्सचे (पायाच्या फुगलेल्या शिरांचे) रुग्ण थांबतात. सोयाबीन काढणीला आलं की धार-खरगोनकडचा शेतकरी हर्निया पुढे ढकलतो.

मेजर ओटीचं रजिस्टर एकटं पुरत नाही. पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी फुग्याने रुंद करणं) कॅथ लॅबच्या वहीत असते, डायलिसिससाठीचा फिस्टुला (हाताची धमनी शिरेला जोडणं) बहुधा लोकल भुलेखाली मायनर ओटीत होतो, मधुमेही पायाचं डिब्रीडमेंट (सडलेला भाग काढणं) कधी वॉर्डातच उरकतं. या वह्या जोडल्या नाहीत तर व्हॅस्क्युलरचं काम घटलेलं दिसेल, प्रत्यक्षात ते फक्त खोली बदलून बसलेलं असेल.

प्रत्येक नोंदीपुढे आयपी नंबर (भरती रुग्णाचा क्रमांक), ऑपरेशन, ठरवलेलं की इमर्जन्सी, रुग्ण आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहा. चिरा दिल्यापासून मोजू नका. भूल द्यायला लागणारा वेळही टेबलच अडवतो. 'एलसी', 'लॅप कोली' आणि 'पित्ताशय' म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं एकच ऑपरेशन, त्यांना एकच नाव द्या. दुर्बिणीने सुरू केलेलं पोट उघडून संपवलं तर केस एकच, शेजारी खूण. आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजचं नाव बिलासाठी असतं. नेमकं काय केलं ते ऑपरेशन नोटमध्ये पाहा.

आता हिशेब. समजा गेल्या वर्षी 60 मिनिटांचे 20 हर्निया आणि 300 मिनिटांचे पायाच्या धमनीचे 2 बायपास झाले: 22 केसेस, 1800 मिनिटं. यंदा 12 हर्निया आणि 6 बायपास: 18 केसेस, 2520 मिनिटं. केसेस 4 ने कमी, टेबल 12 तास जास्त. मात्र 2 चे 6 झाले म्हणून 'तिप्पट वाढ' असं लिहू नका. एवढ्या लहान आकड्यांत टक्केवारी फसवते.

मधुमेही पायाला दोन आकडे हवेत, रुग्ण किती आणि टेबलावर फेऱ्या किती. एकच आयपी नंबर पाचदा आला तर रुग्ण 1, फेऱ्या 5. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

रात्रीचं काम वेगळं काढा. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध 1982 मधला. त्यावरचे उपचार आणि आम्ल कमी करणारी औषधं आल्यावर अल्सरची ठरवून होणारी ऑपरेशनं जवळपास संपली, उरलं ते फुटलेलं अल्सर, आणि ते वेळ सांगून येत नाही. धमनीत गुठळी अडकून पाय अचानक थंड पडला तर हाताशी साधारण 6 तास असतात. फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या नळीने) गुठळी काढणं तासाभरातही आटोपतं, पण त्यासाठी दिवसाची यादी मोडते. रद्द झालेल्या केसेस कारणासह नोंदल्या नसतील तर हा भार कुठेच दिसत नाही.

सरासरीऐवजी मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. 9 तास चाललेली एक केस सरासरी बिघडवते. आणि रजिस्टरमधल्या सगळ्या वेळा 9:00, 10:30, 12:00 अशा गोल दिसल्या तर त्या दिवसाखेरीस आठवून लिहिल्या आहेत. मग अ‍ॅनेस्थेशियाच्या चार्टवरून घ्या.