ईबीपीएफने पॅकेट वळवताय? एमटीयूच्या या चुका टाळा

पिंग जातंय, एसएसएच मात्र की-एक्स्चेंजवर अडकतंय. छोटी रिक्वेस्ट पोहोचते, मोठी फाइल लटकते. अशी तक्रार आली की मी डीएनएस, फायरवॉल काही बघत नाही. आधी एमटीयू, म्हणजे त्या लिंकवर चालणारा पॅकेटचा जास्तीत जास्त आकार.

ईबीपीएफ म्हणजे लिनक्स कर्नलच्या आत चालवायचे छोटे प्रोग्राम. त्यातली सगळ्यात छळणारी चूक म्हणजे टीसीच्या (कर्नलमधला ट्रॅफिक कंट्रोलचा टप्पा) प्रोग्राममध्ये एसकेबीची (कर्नलच्या हातातलं पॅकेट) लांबी थेट १५००शी (इथरनेटचा नेहमीचा एमटीयू) ताडून बघायची आणि मोठी दिसली की ड्रॉप! एक तर त्या लांबीत इथरनेट हेडरचे १४ बाइट धरलेले असतात, एमटीयूमध्ये नसतात. शिवाय जीएसओ (मोठं पॅकेट अखंड पुढे नेऊन तुकडे शेवटी पाडायची सोय) चालू असेल तर टीसीपाशी येणारं एसकेबी ६४ केबीच्या घरातलंही असतं. त्याचे तुकडे पुढे होतात, बऱ्याचदा थेट कार्डावर.

एका टीममध्ये व्हीएक्सलॅनचं (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्याच्या पॅकेटमध्ये गुंडाळायची पद्धत) हेडर चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये नेमकी हीच तपासणी होती. वेग मोजणारं आयपर्फ रांगायला लागलं. नव्या मुलाने कुठेतरी वाचून इथटूल या कमांडने टीएसओ (तुकडे कार्डावर पाडणं) आणि जीएसओ दोन्ही बंद केले. आजार रेड्याला, औषध पखालीला. स्पीड आला, पण खरा लोड पडताच सीपीयू सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलचं पॅकेट हाताळायचं काम) बुडाला. मग ऑफलोड परत चालू, तपासणी गायब, आणि हेडरसाठी जागा करणाऱ्या बीपीएफ_एसकेबी_अ‍ॅडजस्ट_रूमला 'फिक्स्ड_जीएसओ' (तुकड्याचा आकार बदलू नको) हा फ्लॅग, कुठूनतरी उचललेला. तो मूळ कोड ९००० एमटीयूच्या नेटवर्कसाठी लिहिलेला. इथे होतं १५००. हेडरचे ५० बाइट वाढले, तुकड्याचा आकार तसाच राहिला, आणि स्विच १५५०ची पॅकेट मुकाट टाकून देत बसला. पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडंपने पॅकेट बघून काही कळत नाही, कारण तिथे तुकडे पडायच्या आधीचंच धूड दिसतं. पकडायचं ते समोरच्या टोकाला.

माझी सवय अशी: तो फ्लॅग लावायचा नाही, ओव्हरले (गुंडाळलेल्या नेटवर्कच्या) इंटरफेसचा एमटीयू मुळातच १४५० ठेवायचा, आणि लिनक्स ५.१२पासून मिळणारं बीपीएफ_चेक_एमटीयू हे फंक्शन वापरायचं. जीएसओसाठी त्याचा तुकड्यांची लांबी तपासणारा 'सेग्ज' फ्लॅग आहे. तो लेन_डिफबरोबर (लांबी किती बदलणार ते आधीच सांगायचं) चालत नाही, म्हणून हेडर चढवून झाल्यावरच तपासा. आणि त्याच फंक्शनला द्यायचं एमटीयू_लेन आधी शून्य करा, नाहीतर त्यात जे असेल तीच पॅकेटची लांबी धरली जाते.

एक्सडीपीमध्ये (पॅकेट येताच, टीसीच्याही आधी चालणारा प्रोग्राम) 'रिडायरेक्ट' परत केलं म्हणजे पॅकेट गेलं असं नाही. पुढच्या इंटरफेसच्या एमटीयूची तपासणी नंतर होते आणि तुमच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. एक्सडीपी_रिडायरेक्ट_एर हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या घटना बघायची जागा) लावा. तिथे उणे ९० दिसलं की समजा, पॅकेट मोठं होतं.

ड्रॉप करताय तर निदान पाठवणाऱ्याला सांगा: 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे मेसेज) निरोप, आयपीव्ही४ला टाइप ३ कोड ४, आयपीव्ही६ला टाइप २. 'सिक्युरिटी'च्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

एमएसएस क्लॅम्प (जोडणी होतानाच टीसीपीच्या तुकड्याचा कमाल आकार कमी करून सांगणं) हा शॉर्टकट ठीक आहे, पण तो फक्त टीसीपीला. यूडीपीवर चालणाऱ्या क्विकला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि एसवायएन (जोडणी सुरू करणारं पॅकेट) बदललात तर चेकसमही बदला.

टेस्ट करताना नुसतं पिंग मारू नका. '-एम डू -एस १४७२' (एम कॅपिटल; तुकडे करू नको, आणि १५०० वजा हेडरचे २८ बाइट) लावा, ओव्हरलेवर १४२२.