देणगी मागताना खर्च फोडून सांगा

परदेशातल्या वैद्यकीय सेवा-शिबिरासाठी पैसे गोळा करताय? ‘जमेल तेवढी मदत करा’ असा मोघम मेसेज टाकू नका. लोक वाचतात, अंगठ्याचा इमोजी टाकतात नि विसरतात. विमानभाडं, व्हिसा, विमा, लशी असा खर्च फोडा आणि एकेकाकडे एकच बाब मागा: ‘काका, माझ्या पीतज्वराच्या लशीचा खर्च उचलाल का?’ (त्या देशात ती सक्तीची असेल, तर शेवटावर ठेवू नका, लस टोचल्यावर १० दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात.) तिथे नेमकं काय करणार तेही लिहा: नोंदी ठेवणं, रक्तदाब मोजणं. प्रशिक्षण नसताना टाके घालणार म्हणालात, तर जाणता डॉक्टर खिशातला हात तिथेच थांबवेल, आणि योग्यच करेल. दौरा रद्द झाला तर पैशांचं काय, तेही आधीच सांगून टाका.