मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा झटका कसा सांभाळावा

सोलापूर जिल्ह्यात शेताच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअरची दुनळी बाळगणारी घराणी आजही आहेत, आणि ज्याने ती एकदा खांद्याला लावून उडवली आहे त्याला बंदुकीचा झटका म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही खांद्यावर घेतलेला झटका आणि नुसत्या दोन मुठींत घेतलेला झटका यांत फार अंतर आहे, हे टेक्सासात स्थायिक झालेल्या पुतण्याकडे गेलो असताना मला पहिल्याच बाराला कळले. तिकडे पिकांची नासधूस करणारी रानडुकरे पुष्कळ आहेत आणि त्यांची शिकार मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्व्हरने करणे कायदेशीर आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि नान्नजच्या माळावर काळवीट दिसले तर त्याच्याकडे डोळे भरून पाहणे एवढाच आपला अधिकार आहे. म्हणून पुढील मजकूर, मुलाबाळांकडे परदेशी जाऊन तेथील कायद्याप्रमाणे आणि जाणकाराच्या देखरेखीखाली असे शस्त्र हाताळणार असलेल्या मंडळींसाठी आहे, असे समजावे.

झटका किती असतो याचा अंदाज आधी घ्यावा. 1955 साली आलेल्या पॉइंट 44 मॅग्नम या काडतुसाची नेहमीची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिच्यामागून दारूचा वायू तिच्याहूनही वेगाने सुटतो. या दोहोंची भरपाई म्हणून सव्वा ते दीड किलोचे रिव्हॉल्व्हर उलट दिशेने सेकंदाला सुमारे सहा मीटर, म्हणजे ताशी वीस-बावीस किलोमीटर वेगाने हातात येते. 2003 साली आलेल्या पॉइंट 500 मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर दोन किलोंच्या आसपास वजनाचे असते, पण त्याच्या झटक्याची ऊर्जा 44 च्या अडीच पट भरते. एक किलोच्या पॉइंट 22 पिस्तुलाला मात्र सेकंदाला मीटरभराचाही वेग मिळत नाही. त्यातच नळी मुठीच्या बरीच वर असल्यामुळे शस्त्र सरळ मागे न येता वर उसळते. ही उसळी कोणाच्याही मनगटाच्या बळाने थांबत नाही आणि ती थांबवण्याचा प्रयत्नही करू नये. ती कोठून कोठे जाईल आणि पुन्हा नेमावर कशी येईल, एवढेच आपल्या हातात असते.

पकड हा या विद्येचा गाभा आहे. मुख्य हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचका मुठीवर जितका वर बसवता येईल तितका बसवावा, आणि नळी, मनगट व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतो की नाही ते पाहावे. रेषा तिरकी असली तर सगळा भार अंगठ्याच्या सांध्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मोडणेही अवघड होते. दुसऱ्या हाताची बोटे पहिल्या हाताच्या बोटांवर घट्ट गुंडाळावीत, मुख्य हाताने किंचित पुढे रेटावे आणि दुसऱ्याने तितकेच मागे ओढावे. जुन्या अमेरिकन घाटाच्या, गोल मुठीच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट थोडी निराळी आहे. ती मूठ झटक्याबरोबर तळहातात किंचित फिरावी अशीच घडवलेली असते, तेव्हा तिला आवळून न धरता फिरू द्यावे. अंगठे पुढे पसरण्याची सवय मात्र, ती पिस्तुलावर कितीही उपयोगी असली तरी, येथे सोडावी. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरण्याचा फिरता भाग, आणि नळी यांच्यामधील फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो आणि मोठ्या काडतुसांत तो बोट कापू शकतो.

उभे राहणे तालमीतल्या पवित्र्यासारखे असावे: पाय खांद्याइतके फाकलेले, एक पाय थोडा पुढे, गुडघे सैल आणि शरीराचा भार टाचांऐवजी चवड्यांवर. कोपरे ताठ कुलूपबंद केली तर झटका थेट खांद्यात जातो, अगदी ढिली सोडली तर शस्त्र कपाळाकडे येते. म्हणून ती किंचित वाकवून, पण मनगटे घट्ट ठेवावीत. शस्त्रावर दुर्बीण असेल तर हे अधिकच महत्त्वाचे आहे.

झटक्याहून मोठा शत्रू म्हणजे बार होण्याआधीच दचकणे. चाप दाबण्याच्या क्षणी मन झटक्याच्या कल्पनेने नळी खाली ढकलते, गोळी निशाण्याच्या खाली जाते आणि नेमबाज दोष रिव्हॉल्व्हरच्या माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरील नेमाच्या खुणेला, देतो. यावर उतारा जुना आहे. सोबतच्या माणसाने आपल्याला न कळू देता सिलिंडरमध्ये खरी आणि नकली काडतुसे मिसळून भरावीत. नकली काडतुसावर घोडा पडला की नळी किती बुडाली ते सगळ्यांना दिसते आणि लाज वाटून का होईना, सुधारणा सुरू होते. सोलापुरातल्या मुलांनी तर हे एअर पिस्तुलावर आधीच शिकून घ्यावे. पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाच्या जलद फेरीत निशाणा तीन सेकंद समोर येतो आणि सात सेकंद लपतो. या प्रकारात 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या हाताकडे पाहिले, तर चाप आणि श्वास यांची शिस्त झटक्याच्या आधी येते हे समजते. मनगटासाठी मुद्गल फिरवण्याइतका चांगला व्यायाम माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवातीला सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरावे. हा नियम काही जणांना भित्रेपणाचा वाटतो, पण फार मोठ्या काडतुसांच्या झटक्यात शस्त्र वर उसळत असताना बोट नकळत चापावर पुन्हा आवळले जाते आणि दुसरा बार आभाळाकडे, क्वचित स्वतःच्या डोक्याकडेही जाऊ शकतो. हातातल्या शस्त्राची सवय होईपर्यंत हलकी काडतुसे वापरावीत: 44 मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये 44 स्पेशल हे काडतूस आणि 454 कॅसुल या दुसऱ्या जड काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये 45 कोल्ट हे काडतूस बसते, आणि त्यांचा झटका पुष्कळ सौम्य असतो. जड काडतुसे भरल्यावर आणखी एक गोष्ट तपासावी. झटक्याने उरलेल्या काडतुसांमधली गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकू शकते, विशेषतः हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये.

टेकूवरून नेम धरताना हात टेकवावेत, नळी टेकवू नये. कठीण वस्तूवर टेकलेली नळी उसळून भलतीकडे मारा करते. मी येथून नेलेली सोलापुरी चादर घडी करून हातांखाली घेतली होती आणि ती उत्तम बसली, परंतु एकदा सिलिंडरची फट तिच्यावर आली आणि घडीच्या वरच्या पदराला काळी भाजलेली रेघ उमटली. पुतण्याच्या बायकोला ती चादर पुन्हा दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

कानांत बोंडे आणि वर कर्णकवच असे दुहेरी संरक्षण घ्यावे, डोळ्यांवर चष्मा असावा. नळीच्या टोकाला झटका कमी करणारी छिद्रे असतील तर आवाज अधिक होतो, तेव्हा कानांबाबत सवलत नाही. लाकडी मुठीऐवजी रबरी मूठ आणि तळव्याला गादी असलेले हातमोजे लाभदायक ठरतात. घामेजल्या हाताने पकड सरकते, म्हणून रुमाल खिशात असावा.

एका बैठकीत नवख्याने जड काडतुसांचे दहा-बारा बार पुरेसे मानावेत. मनगटात मुंग्या आल्या किंवा बार होण्याआधी डोळे मिटू लागले, की जड काडतुसे पेटीत ठेवावीत. त्यानंतर हलक्या काडतुसांचे दोन-तीन बार करावेत, सिलिंडर उघडून रिकामे असल्याची स्वतः आणि सोबत्याकडून अशी दोनदा खात्री करून घ्यावी, आणि मगच शस्त्र म्यानात जावे.