कलप लावायचाय? आधी डबी वाचा, दोन दिवस थांबा

लग्नसराई आली की केस काळे करायची घाई सुरू होते, आणि बहुतेक घरांत कलप लागतो तो कार्याच्या आदल्या रात्री. सगळ्यात वाईट वेळ तीच. कलपाची ॲलर्जी झालीच तर ती सहसा लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी वर येते. म्हणजे नेमकं अक्षता पडायच्या वेळी पापण्या सुजून डोळे बंद. म्हणून पहिलं काम कॅलेंडर बघण्याचं: कार्याच्या किमान आठवडाभर आधी कलप लावून मोकळे व्हा, आणि त्याच्याही आधी चाचणीसाठी दोन दिवस धरा.

डबी उलटी करा

पुढची बाजू सोडून द्या. 'हर्बल', 'आवळायुक्त', 'अमोनिया नाही' ही सगळी विक्रीची भाषा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. शोधायचं आहे पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. पी-फेनिलीनडायअमीन, १,४-डायअमिनोबेंझिन, सीआय ७६०६० ही त्याचीच नावं. टोल्युईन-२,५-डायअमीन हे त्याच्या जवळच्या नात्यातलं रसायन, आणि पीपीडी न सोसणाऱ्यांतल्या अनेकांना तेही सोसत नाही.

पीपीडी मूळचं जवळजवळ रंगहीन. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळला की त्याचे छोटे रेणू केसाच्या आत शिरून एकमेकांना जोडले जातात, मोठे आणि काळे होतात, आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. ॲलर्जी होते ती हे जोडकाम पूर्ण होण्याआधी त्वचेत शिरलेल्या मालाची. अमोनियाचं काम केसाचं आवरण उघडण्यापुरतं. 'अमोनिया नाही' लिहिलं असेल तर त्याच्या जागी बहुधा मोनोइथेनॉलअमीन असतं. वास कमी येतो इतकंच, पीपीडी असू शकतंच. युरोपीय संघात डोक्याला लावायच्या तयार मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

काळ्या मेंदीला भुलू नका

माझ्या मते खरी फसगत इथे आहे. कलपाला माणूस थोडा तरी घाबरतो, मेंदी म्हटलं की निर्धास्त होतो. पण मेंदीच्या पानातला रंग, लॉसोन, केशरी-तांबडा असतो आणि चढायला काही तास घेतो. त्यातून एकट्यानं काळा रंग येतच नाही. पुडी पाण्यात कालवली आणि अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, तर आत पीपीडी आणि त्याला चेतवणारा पेरॉक्साइडसारखा घटक भुकटीच्या रूपात आहे, असं धरून चाला.

जत्रेत मुलांच्या हातावर काढतात ती झटपट काळी मेंदी याहून वाईट. तिच्यात पीपीडीचं प्रमाण कितीही असू शकतं आणि ते थेट कातडीवर तासन्‌तास राहतं. आठ वर्षांच्या मुलीला तेव्हा काही झालं नाही तरी शरीर त्या रसायनाची नोंद ठेवतं, आणि कधीतरी तिनं पहिल्यांदा केस रंगवले की त्याचा हिशेब निघतो. मुलांना ती काढूच देऊ नका.

वनस्पतींचाच काळा रंग हवा असेल तर काम दोन टप्प्यांत होतं: आधी शुद्ध मेंदी काही तास, ती धुऊन मग नीळ, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरियाच्या पानांची भुकटी, तासभर. ही भुकटी हिरवी दिसते, भिजवल्यावर वरून निळसर होते. वेळ जातो, मोरीही रंगते. पुडीवर या दोन वनस्पतींखेरीज तिसरं काही नसावं.

चाचणी: दर वेळी, नव्यानं

"दहा वर्षं लावतोय, काही झालं नाही" हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञ रोज ऐकत असतील. ही ॲलर्जी वापरता वापरताच जडते, पहिल्या वेळी किंवा विसाव्या. आपल्याकडे कलपाच्या डबीवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि प्रत्येक वापराआधी चाचणी करा असं सोबतच्या सूचनांत असतं.

कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची रुपयाएवढी जागा साबणानं धुऊन कोरडी करा. पत्रकात सांगितलं असेल तसं थोडं मिश्रण लावून वाळू द्या. पत्रकात २४ तास लिहिलेले असतात. मी ४८ म्हणेन, कारण उशिरा उठणारी खाज पहिल्या दिवशी हुलकावणी देते. खाज, लाली, पुरळ, सूज यांतलं काहीही दिसलं तर डबी टाकून द्या. आणि पूर्वी कलपानं किंवा काळ्या मेंदीनं कधी त्रास झाला असेल तर घरी चाचणीही नको. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून हीच तपासणी नीट करतात.

लावताना

डोकं खाजवलेलं, सोललेलं असेल तर त्या दिवशी थांबा. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर पेट्रोलियम जेली लावा, हातमोजे घाला. वेळ संपली की पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. 'अजून दहा मिनिटं, रंग पक्का बसेल' हा मोह टाळा. उरलेलं मिश्रण बाटलीत कोंडून ठेवू नका, फुगून फुटू शकतं.

भुवया आणि पापण्यांना कलप कधीच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या रंगवायचा पदार्थ विकला जाई. त्यात पीपीडीच होतं. काही बायकांची दृष्टी गेली, एक दगावली. डबीवरची अंधत्वाची सूचना उगाच घाबरवायला छापलेली नाही.

सलूनमध्ये जात असाल तर स्वतःची डबी घेऊन जा, आणि कारागिराच्या हातात मोजे आहेत का तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं केशकर्तनाच्या व्यवसायातला संपर्क 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवला आहे. घरी स्वतःचे केस रंगवण्याबाबत मात्र तिच्या मते तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. धोका जास्त त्याचा, तुमचा कमी.

त्रास झालाच तर

डोक्याची त्वचा जाड, त्यामुळे पुरळ अनेकदा पापण्या, कपाळ, कान आणि मानेवर आधी येतं. पुरुषांत मिशी-दाढीच्या जागी. लगेच भरपूर पाण्यानं आणि सौम्य शांपूनं धुवा. लिंबू, हळद, टूथपेस्ट असले प्रयोग नकोत, आणि औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं स्टिरॉइडचं मलमही नको. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर वाट न बघता १०८ ला फोन करा. काहींना खाज फारशी येत नाही, पण कपाळाच्या कडा आणि कानशिलं हळूहळू राखी-काळी पडत जातात. त्याला वांग समजून गोरेपणाची क्रीम चोपडत बसू नका, कलप थांबवून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. एकदा ही ॲलर्जी ठरली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि बधिर करायचं बेन्झोकेन हे औषधही काहींना बाधू शकतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा. डबीवर घटकांची यादी, बॅच क्रमांक किंवा उत्पादन परवाना क्रमांकच नसेल, तर ती बिलासकट जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.