विंडोज १० वाला जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी हे करून बघा

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला, "अरे, दुकानदार म्हणतोय हा लॅपटॉप आता गेला, विंडोज ११ यावर चढतच नाही, नवीन घ्या, चाळीस हजारात बसवून देतो." मामा रिटायर झाल्यापासून गावातल्या वाचनालयाचं काम बघतात. पुस्तकांची यादी, वर्गणीचा हिशोब, सभेचं इतिवृत्त, एवढंच त्या लॅपटॉपवर होतं आणि रात्री यूट्यूबवर कीर्तन. लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्डडिस्क. स्क्रीन झकास, कीबोर्ड झकास, बॅटरी तासभर टिकते. असा लॅपटॉप गेला म्हणायचं? मी म्हटलं मामा थांबा, रविवारी येतो. तर त्या रविवारी विंडोज काढून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, कशी टाकली ते इथे लिहितोय, कारण माझ्या ओळखीतच असे पाच-सहा लॅपटॉप कपाटात पडून आहेत आणि खराब त्यातला एकही नाहीये.

आधी नक्की झालंय काय ते बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दिवाळीच्या आठवडाभर आधी. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, फक्त सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणून २०१७ च्या आधीचे जवळपास सगळे लॅपटॉप बाहेर. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय दिलीये, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. तुम्हाला लगेच काही बदलायचं नसेल तर निदान ती नोंदणी आजच करा.

आणि आधीच सांगतो, लिनक्स सगळ्यांसाठी नाही. टॅलीवर धंद्याचे हिशोब असतील, जीएसटीसाठी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावावं लागत असेल, फोटोशॉपवर पोट असेल, तर विंडोजवरच राहा आणि मशीन बदलायचं बजेट ठेवा. ब्राउझर, वर्ड-एक्सेलचं साधं काम, सातबारा काढणं, लाइट बिल भरणं, व्हिडिओ बघणं, मराठी टायपिंग एवढंच असेल तर पुढे वाचा.

सगळ्यात आधी लायसन्स तपासा, ही पायरी कुणीच करत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टार्टमध्ये रन उघडा आणि त्यात एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, मग उजवीकडे झुकलेला स्लॅश आणि डी-एल-आय असं इंग्लिश अक्षरांत टाइप करून एंटर मारा. थोड्या वेळाने छोटी खिडकी येते. त्यात ओईएम दिसलं तर ते लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स, त्याच मदरबोर्डला बांधलेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. रिटेल दिसलं तर ते सहसा तुम्ही वेगळं विकत घेतलेलं, आणि तसं असेल तर दुसऱ्या मशीनवर नेता येतं. आणि व्हॉल्यूम केएमएस दिसलं तर ते मोठ्या कंपन्यांना दिलं जाणारं लायसन्स आहे, ते कंपनीच्या सर्व्हरला विचारून १८० दिवसांपुरतं चालू राहतं, आणि तुमच्या घरी असा सर्व्हर नाही, म्हणजे कुणीतरी क्रॅक मारलेला आहे.

मामांच्या लॅपटॉपवर तेच निघालं. मशीनसोबत ओरिजिनल विंडोज आलं होतं, पण मध्ये एकदा 'फॉरमॅट' मारून घेतलं तेव्हा दुकानवाल्याने पाचशे रुपये घेऊन क्रॅकवालं टाकून दिलं. मी विंडोज सिक्युरिटी उघडून अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनची यादी बघितली तर त्यात एक अख्खा फोल्डर टाकलेला होता, म्हणजे अँटिव्हायरसला सांगून ठेवलेलं की या खोलीत डोकावायचंच नाही. त्या फोल्डरमध्ये अॅक्टिव्हेट करणारा प्रोग्राम, आणि तो रोज आपोआप चालू व्हायचा. त्याच लॅपटॉपवरून मामा पेन्शनचं खातं बघत होते. मला खरंच राग आला, कारण मामांनी पैसे दिले होते, पावती मागितली होती, त्यांच्या मते त्यांनी विंडोज विकतच घेतलं होतं. तुमच्याकडे असं निघालं तर त्या मशीनवरून बँकेचं काम लगेच थांबवा आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला.

यात एक दिलासा असा की विंडोज ८ पासून पुढे लॅपटॉपसोबत जे ओरिजिनल विंडोज यायचं त्याची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, बहुतेक करून मशीनच्या बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच, साठवलेली असते. हार्डडिस्क पुसली तरी ती जात नाही, उद्या परत तीच आवृत्ती टाकली तर नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होते. त्यामुळे 'लिनक्स टाकलं की विंडोजचे पैसे बुडाले' ही भीती काढून टाका.

आता बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे सगळे घेतातच, पण ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क विसरतात. दोन जागी कॉपी ठेवा, एक पेनड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कंप्युटरवर.

मराठी लोकांसाठी इथे एक खास भानगड आहे आणि तिच्यातच आमचा अर्धा रविवार गेला. मामांची चार हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये होती, पण ती सुरेख नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. युनिकोड म्हणजे सगळीकडे चालणारी, अक्षरं साठवायची एकच पद्धत, तिच्या आधीचे हे फॉन्ट, श्री-लिपीचे असोत नाहीतर सीडॅकच्या आयएसएमचे, आतमध्ये मराठी अक्षरं साठवतच नाहीत, ते इंग्लिश चिन्हांच्या जागी फक्त मराठी अक्षराचं चित्र दाखवतात. फॉन्ट असेल तोपर्यंत सगळं छान, फॉन्ट गेला की नुसता कचरा. म्हणून विंडोज पुसायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो त्यामुळे निदान वाचता तरी येईल. दोन, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नेटवर कन्व्हर्टर आहेत, एक एक कॉलम कॉपी करून टाकायचा, बदललेला परत चिकटवायचा.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे जोडाक्षर आलं की गडबड होते. आमच्याकडे 'कीर्ती' चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, 'ऱ्हास' मधला अर्धा र गायब झाला, आणि 'स्थिती' ची वेलांटी नुसत्या थ ला चिकटून स वेगळा पडला. मामा पीडीएफ समोर ठेवून एक एक नाव वाचत होते आणि मी दुरुस्त करत होतो, चहा तीनदा झाला. पण आता ती यादी कुठल्याही मोबाईलवर उघडते आणि सर्चही होते, मामांनी लेखकाचं नाव टाकलं आणि सगळी पुस्तकं समोर आली तेव्हा ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

मग हार्डवेअर. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाका, लिनक्सपेक्षाही जास्त फरक याने पडतो. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी पुरते. मागचे स्क्रू काढायचे, जुनी डिस्क सरकवून काढायची, त्याच जागी नवी. जुनी डिस्क फेकू नका, तीच तुमचा तिसरा बॅकअप. रॅमची एक जागा रिकामी असेल तर ४ ची ८ करा, पण आधी आत डीडीआर-थ्री आहे का डीडीआर-फोर ते बघून मगच घ्या.

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत, त्यावर लोक रात्र रात्र भांडतात, तुम्ही त्यात पडू नका. घरच्यांसाठी लिनक्स मिंट घ्या. विंडोजसारखाच खाली पट्टा, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे हात चाचपडत नाही. त्यात ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. मिंटच्या २२ नंबरच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. डाउनलोड फक्त मिंटच्या स्वतःच्या साइटवरून करा, साधारण ३ जीबीची फाइल असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवर (डिस्क बदलली असेल तर घरातल्या दुसऱ्या कंप्युटरवर) रुफस नावाचा फुकट प्रोग्राम उघडा, फाइल निवडा, स्टार्ट. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

लॅपटॉप चालू करताना डेल, लेनोवो, एसर असेल तर साधारण एफ १२, एचपी असेल तर एस्केप आणि मग एफ ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. आता अख्खं मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कला हातही लागत नाही. घाई करू नका, इथे अर्धा तास घालवा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का, प्रिंटर दिसतोय का. एचपीचे बरेच प्रिंटर लावले की चालतात. कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो आपोआप बसत नाही, तो प्रिंटर रोज लागत असेल तर आधी त्याचा विचार करा. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर मिळतो का बघा.

सगळं ठीक असेल तर डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह. मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक करा नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. जुनीच डिस्क ठेवली असेल तर पुढे दोन पर्याय येतात, विंडोजच्या शेजारी टाका किंवा डिस्क पूर्ण पुसा. शेजारी टाकायचं असेल तर आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. माझं मत विचाराल तर क्रॅकवालं विंडोज शेजारी ठेवूच नका, पुसा.

इन्स्टॉल झाल्यावर मराठी. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे मराठी इनस्क्रिप्ट जोडा. इंग्लिश स्पेलिंगने मराठी टाइप करायची सवय असेल तर इनपुट मेथडमधून आयबस आणि त्याचं एम १७ एन पॅकेज टाका, त्यात मराठी फोनेटिक आहे. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, दोन्ही मोफत आणि दोन्हींचं लायसन्स खुलं, वाचनालयाच्या पावतीवर छापा नाहीतर कुणालाही कॉपी करून द्या, बेकायदेशीर काहीच नाही.

हाच मुद्दा मला मामांना नीट समजवायचा होता. विंडोजच्या करारातच लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिलेली आहे, आणि ती परवानगी ते म्हणतील त्या अटींवर. लिनक्सचं जे मूळ कर्नल, म्हणजे गाभा, आहे ते १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलं आणि ते जीपीएल नावाच्या लायसन्सखाली येतं, त्यात वापरा, आतून बघा, बदला, वाटा, सगळ्याला लेखी परवानगी, मुख्य अट अशी की बदलून किंवा तसंच दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही हेच हक्क द्यायचे. मामा म्हणाले, "म्हणजे शेजारच्या गावातल्या वाचनालयाला हाच पेनड्राइव्ह दिला तर चोरी नाही?" नाही मामा, त्यासाठीच आहे.

ऑफिससाठी लिब्रेऑफिस आधीच बसलेलं असतं. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे जाऊन सेव्ह करायची पद्धत वर्ड आणि एक्सेलची करून ठेवा, नाहीतर तुमची फाइल समोरच्याकडे नीट उघडत नाही म्हणून फोन येतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो वापरला की ओळी हलत नाहीत, त्याच मापाचा फॉन्ट आहे. खूप मॅक्रो असलेली एक्सेल शीट मात्र बिघडू शकते, आधी तपासा.

शेवटी टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट काढा, म्हणजे एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या जागी नेता येते. खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, त्यावर ठिपका आला की अपडेट आलंय, दाबायचं आणि पासवर्ड टाकायचा. मामांनी तो पासवर्ड वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरच्या मागे लिहून ठेवलाय, मी नको म्हटलं नाही. एसएसडीचे मला अठराशे पडले. मामा दर शनिवारी ढाल दाबतात आणि मला मेसेज करतात, "झालं."